साडेनऊ हजारांचा 'विंडोज ११ वाला' पीसी

मुलीच्या टॅलीच्या क्लाससाठी नागपूरच्या बर्डीवरून जुना डेस्कटॉप घेतला. कॅबिनेटवर आय-फाइव्हचं स्टिकर, पडद्यावर विंडोज ११. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून मी अकराच मागत होतो आणि तिथेच सापडलो.

प्रोसेसरची ओळ दुकानदाराने स्वतःच उघडून दाखवली. बोट ठेवलं ते शेवटच्या आकड्यावर, ३.०० गिगाहर्ट्झ. "काका, नवीन आय-फाइव्ह अडीचवर चालते, हा तीनवर चालून राहिला!" त्याच्या बोटामागे 'कोअर टू ड्युओ ई८४००' असं लिहिलेलं होतं, म्हणजे आय-फाइव्हच्याही आधीची जुनी चिप. माझा चष्मा खिशात. तेवढी चूक माझी.

पुढे भाच्याने पेनड्राइव्हवरून विंडोज ११ ची २४एच२ ही पुढची आवृत्ती टाकली. निळं चिन्ह आलं की मशीन रिस्टार्ट, पुन्हा चिन्ह, पुन्हा रिस्टार्ट. रात्रभर तेच. मग त्याने कॅबिनेट खोलून सगळा उलगडा केला.

विंडोज ११ ला टीपीएम २.० हा सुरक्षेचा भाग लागतो, आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. ही तपासणी इन्स्टॉल करताना चुकवता येते. दुकानदाराने तेच करून जुनी आवृत्ती चढवली होती. पण ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या २४एच२ ला पॉपकाउंट नावाची सूचना, म्हणजे प्रोसेसरला कळणारी आज्ञा, चिपमध्येच लागते. संख्येत १ असलेले बिट किती, हे ती मोजते. ई८४०० आली जानेवारी २००८ मध्ये. इंटेलने ही सूचना दिली त्याच वर्षीच्या नोव्हेंबरपासून, पहिल्या आय-सेव्हनमध्ये. तपासणीला चकवा देता येतो हो, चिपमध्ये जे नाहीच ते कुठून आणणार?

तेव्हा घ्यायला जाल तर स्टिकर आणि गिगाहर्ट्झ सोडा, सेटिंग्जमधलं प्रोसेसरचं पूर्ण नाव स्वतः वाचा. आय५-८५०० मधला डॅशनंतरचा ८ म्हणजे आठवी पिढी; आय५-१०४०० असेल तर दहावी. नावात आय-फाइव्हच नसेल तर तिथूनच परत फिरा.

मशीन घेऊन दुकानात गेलो. "विंडोज ११ सांगितलं, तेच दिलं ना काका? अपडेट तुम्ही केलं." स्टिकरचं विचारलं तर म्हणे कॅबिनेट दुसऱ्या मशीनचं आहे. घरी येऊन ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर फोन करावा म्हणून बिल काढलं. त्यावर एवढंच लिहिलं होतं: 'जुना पीसी, १ नग'.