डोंबिवली पूर्व, स्टेशनजवळची ताईंची नाश्त्याची गाडी

थालीपीठाला पाचपैकी पाच, पार्सलला दोन. पण या गाडीबद्दल एवढं लिहायचं कारण नुसती चव नाहीये.

मला शुगर निघून चार वर्षं झाली. सकाळी गोळी घ्यायची, अर्धा कप चहा, आणि पळत जाऊन लोकल पकडायची, खाणं काय ते अकराला ऑफिसात बघू, अशी सवय लागलेली. मागच्या जूनमध्ये घाटकोपरच्या पुढे गाडीतच हात थरथरायला लागले, शर्ट घामाने चिंब, छातीत धडधड, मला वाटलं अटॅकच आला. शेजारी उभ्या असलेल्या काकांनी शुगर आहे का विचारलं आणि बॅगेतलं मँगो ज्यूसचं पाकीट प्यायला लावलं, पंधरा मिनिटांत माणसात आलो. त्या काकांना मी जन्मात विसरणार नाही.

डॉक्टरांनी सांगितलं ते गोळीवाल्या सगळ्यांनी ऐका. माझ्या गोळीत ग्लिमेपिराइड आहे, ती स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, पोटात अन्न असो नसो. रात्री नऊला जेवलेला माणूस सकाळी सातला दहा तास उपाशी असतो, त्यात ही गोळी, मग शुगर 70 च्या खाली जायला वेळ लागत नाही. (नुसती मेटफॉर्मिन ही शुगरची दुसरी गोळी घेणाऱ्यांना हे सहसा होत नाही.) आणि दुसरं म्हणजे टाइप 2 डायबेटिसमध्ये नाश्ता बुडवला की दुपारचं तेच जेवण शुगर जास्त चढवतं, हे मी माझ्या मशीनवर स्वतः बघितलंय.

डायबेटिस नसलेल्यांचं वेगळं. नाश्ता सोडला की वजन वाढतंच असं काही नाही, 2019 ला बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात 13 ट्रायल्सचा आढावा आला होता, त्यात उलट नाश्ता करणारेच दिवसाला साधारण 260 कॅलरी जास्त खात होते. माझी बायको सकाळी काही खात नाही, ठणठणीत आहे, मी तिच्या मागे लागत नाही.

तर गाडी. ताई सव्वासहाला लावतात, आणि आमच्यासारख्या सातच्या आत गाडी पकडणाऱ्यांसाठी तेच मोठं आहे कारण तेव्हा बाकी सगळीकडे फक्त चहा आणि क्रीमरोल मिळतो. थालीपीठ 35 रुपये, भाजणी घरची, ज्वारी बाजरी हरभरा डाळ उडीद आणि धन्याचा वास अगदी नाकात बसतो, कांदा भरपूर, तेल बेताचं, सोबत दही. पहिला घास आणि गोळी एकदमच, आता दीडपर्यंत भूक लागत नाही. मुगाचं धिरडंही छान. पोहे एक नंबर पण नुसत्या पोह्यांनी माझी शुगर झटकन वर जाते, हे सांगितल्यावर ताई न मागता वर मटकीची उसळ घालून देतात, एवढं कोण लक्षात ठेवतं हो!

आता तक्रार. पार्सल रद्दी पेपरात देतात, गरम थालीपीठाला शाई लागते, एफएसएसएआय या अन्नसुरक्षेच्या सरकारी संस्थेनेही हे करू नका म्हणून सांगितलंय. मी दोनदा बोललो, ताई म्हणाल्या पानं रोज मिळत नाहीत, पण ताई प्लीज काहीतरी करा, लहान मुलांच्या डब्यात जातं ते. मी आता स्टीलचा डबा नेतो, त्यात आनंदाने देतात. चटणी जरा खारट, बीपीवाल्यांनी बेतानेच घ्या.

साडेआठनंतर थालीपीठ मिळत नाही आणि रविवारी बंद. त्या दिवशी मी घरी दोन अंडी उकडतो, खिशात ग्लुकोजची पुडी असतेच.