दादावादी कोलाज शिकायचं तर आधी हाना ह्योख की कुर्ट श्विटर्स?

दादावाद, म्हणजे पहिल्या महायुद्धाच्या काळात रूढ कलेला आणि तर्काला धुडकावणारी ‘दादा’ ही कलाचळवळ, म्हटलं की बहुतेकांची गाडी मार्सेल द्यूशाँने कलाकृती म्हणून पुढे केलेल्या मुतारीपाशी थांबते. १९१७ सालची ती वस्तू महत्त्वाची आहेच, पण ती एका वाक्यात सांगून होते. प्रत्यक्ष पाहिली नाही तरी फारसं अडत नाही. ज्यांना कागद, कात्री आणि खळ घेऊन दादाला भिडायचं आहे किंवा कलाशाळेत त्यावर प्रकल्प करायचा आहे, त्यांच्यापुढचा प्रश्न वेगळा असतो. बर्लिनची हाना ह्योख आधी घ्यावी की हॅनोव्हरचा कुर्ट श्विटर्स? ती १८८९ची, तो १८८७चा. दोघं चांगले मित्र, आणि दोघांचा बराचसा कच्चा माल एकच: छापील रद्दी. तरीही एकाकडे शिकलेलं दुसऱ्याकडे जसंच्या तसं चालत नाही.

ह्योखचं १९१९-२० मधलं मोठं फोटोमोंटाज, म्हणजे कापलेली छायाचित्रं जोडून केलेलं कोलाज, घ्या. नाव लांबलचक आहे, त्याचा आशय असा की स्वयंपाकघरातल्या सुरीने दादा जर्मनीच्या ढेरपोट्या बिअरबाज वायमार (महायुद्धानंतरच्या प्रजासत्ताकाच्या) संस्कृतीला छेद देतो आहे. आकार ११४ बाय ९० सेंटिमीटर. आधी नुसती गर्दी दिसते: चाकं, यंत्रं, मुंडकी, अक्षरं. मग एकेक जण ओळखू येऊ लागतो. वर डावीकडे आइनस्टाइन. उजवीकडे जर्मनीचा माजी सम्राट कैसर विल्हेल्म, आणि त्याच्या मिशीच्या जागी दोन पहिलवान. सेनानी हिंडेनबुर्गचं डोकं एका नर्तकीच्या धडावर. मध्यभागी चित्रकर्ती केटे कोलविट्झचं डोकं अधांतरी, आणि त्याखाली निडी इम्पेकोव्हेन या नर्तकीचं बिनडोक्याचं शरीर. खाली उजव्या कोपऱ्यात युरोपचा छोटा नकाशा आहे, बायकांना मताधिकार असलेले देश दाखवणारा. जर्मन स्त्रियांनी राष्ट्रीय निवडणुकीत पहिलं मतदान केलं ते जानेवारी १९१९ मध्ये, म्हणजे ही ताजी बातमी होती. या नकाशालगत ह्योखने स्वतःचा इवलासा चेहरा चिकटवला आहे. सहीसाठी याहून नेमकी जागा मला तरी सुचत नाही.

इथे एक गोष्ट पक्की होते. ह्योखच्या कागदावरचा माणूस कापल्यावरही तोच माणूस राहतो. हिंडेनबुर्ग हिंडेनबुर्ग म्हणून ओळखू आला नाही, तर नर्तकीचं धड जोडण्यात काही मजा उरत नाही. म्हणून तिच्याकडे जायचं तर पहिल्या महायुद्धानंतरचा जर्मनीचा इतिहास थोडा तरी वाचावा लागतो. ज्यांना त्याचा कंटाळा आहे त्यांनी ती निवडू नये.

ही नजर तिला नोकरीतूनही मिळाली. १९१६ ते १९२६ ती उलश्टाइन या बड्या प्रकाशनगृहात आठवड्याचे तीन दिवस काम करायची आणि भरतकाम, क्रोशा, लेस यांचे नमुने काढायची. सचित्र मासिकांच्या त्या जगात बाईचं रूप कसं रचलं जातं, हे तिने आतून पाहिलं. भरतकाम ही कला आहे, ते करणाऱ्यांनी आपल्या काळाचं भान ठेवावं, असं तिने १९१८ मध्ये त्याच क्षेत्रातल्या एका मासिकात बजावलंही होतं.

श्विटर्सचा मामला उलटा. ट्रामची तिकिटं, वेष्टणं, चिंध्या, फळ्यांचे तुकडे, तारेची जाळी, सगळं त्याच्याकडे येतं आणि बहुतेक वेळा बोलायचं थांबतं. तिकीट कुठून कुठपर्यंतचं, याला फारसा अर्थ राहत नाही. त्याचा विटका पिवळा शेजारच्या निळ्याला कसा तोलतो, एवढंच उरतं. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयातलं त्याचं १९२१ सालचं चेरीचं चित्र पाहावं: मधोमध चेऱ्यांचं छापील कार्ड आणि भोवती कापड, लाकूड, कागदांचे थर. १९१९ मध्ये एका बँकेच्या जाहिरातीतून कापलेलं ‘मेर्त्स’ हे अर्धवट अक्षरबंध त्याने आपल्या कामाला नाव म्हणून लावलं, आणि पुढे कोलाज, कविता, नियतकालिक, सगळंच मेर्त्स झालं. हॅनोव्हरच्या घरातल्या खोल्याही त्याने आतून याच रीतीने बांधत नेल्या. त्या रचनेत ह्योखचाही हात लागला होता. ऑक्टोबर १९४३च्या बॉम्बहल्ल्यात ते घर गेलं.

दादा चळवळीतलं दोघांचं स्थानही मजेशीर आहे. श्विटर्सला बर्लिनच्या मंडळींनी, विशेषतः तिथल्या दादा गटातल्या ह्यूल्झेनबेक या लेखकाने, दाराबाहेरच ठेवलं. डेर श्टुर्म या कलादालनाशी त्याचं असलेलं नातं त्यांना खुपत होतं. ह्योख दाराच्या आत होती, पण कशी? १९२०च्या पहिल्या आंतरराष्ट्रीय दादा मेळ्यात तिची कामं घ्यायला ग्रोस आणि हार्टफील्ड या बर्लिनच्या दादा कलावंतांचा विरोध होता. त्याच गटातल्या राऊल हाउसमानने स्वतःची चित्रं काढून घेण्याची धमकी दिली तेव्हा कुठे तिची कामं भिंतीवर लागली. पुढे हान्स रिख्टर या दादा कलावंताने आठवणी लिहिल्या, त्यात तिचं कौतुक काय, तर पैशाची चणचण असतानाही सँडविच, बिअर आणि कॉफीची सोय करायची! नाझी काळात याच बाईने बर्लिनच्या वेशीवरच्या हायलिगेनझे इथल्या घरात दादाचे कागद आणि कलाकृती दडवून राखल्या. बर्लिनच्या दादाबद्दल आज जे सांगता येतं, त्यातलं पुष्कळ तिच्यामुळे. श्विटर्स १९३७ मध्ये नॉर्वेला आणि १९४० मध्ये इंग्लंडला पळाला, तिथे नजरकैदेत राहिला आणि १९४८ मध्ये वारला.

माझा कौल ह्योखला, निदान आधी. तिच्याकडे कापण्याला कारण लागतं, आणि नवशिक्याला तीच शिस्त हवी असते. श्विटर्सची नक्कल फार लवकर देखणी होते, म्हणून फसवते. मात्र तुमचा ओढा मुळात अमूर्ताकडे असेल, राजकारणात रस नसेल किंवा ध्वनिकविता, म्हणजे अर्थाऐवजी नुसत्या आवाजांची कविता, करून पाहायची असेल, तर सरळ श्विटर्सकडे जा. त्याची ‘उर्सोनाटे’ ही ध्वनिकविता मोठ्याने म्हणायला जर्मन येण्याची गरज नाही.

पाहण्याची सोय मात्र दोघांची सारखी नाही. ह्योखचं ते मोठं चित्र पुस्तकाच्या पानावर निम्मं मरतं. पडद्यावर मोठं करून कोपरा-कोपरा पाहावं लागतं. श्विटर्सची पुष्कळ कोलाजं मुळातच वहीच्या पानाएवढी, त्यामुळे छपाईत आकार टिकतो, पण थरांची जाडी जाते. प्रकल्प छापणार असाल तर हेही बघा: भारतीय कायद्यात कलाकृतीचा स्वामित्वहक्क कलावंताच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो. श्विटर्सची ती मुदत २००८ अखेर संपली. ह्योख १९७८ मध्ये गेली, तेव्हा तिची चित्रं छापायला २०३८ संपेपर्यंत परवानगी लागेल.