शिंपल्याचं जीनोम सिक्वेन्सिंग: साडेतीन तारे

कामठीजवळ कन्हानच्या पात्रातून एका ढिवरदादांनी मला सहा शिंपले काढून दिले. लॅमेलिडेन्स मार्जिनॅलिस, आपल्याकडचा नेहमीचाच. त्यातल्या एकाचा अख्खा मायटोकॉन्ड्रियल जीनोम (पेशीतल्या ऊर्जाघराचा, म्हणजे मायटोकॉन्ड्रियाचा, स्वतःचा छोटा गोल डीएनए) वाचून घ्यायला बाहेरगावच्या एका खासगी लॅबकडे नमुना पाठवला, त्याचा हा अनुभव.

पहिली कटकट नागपुरातच. नमुना स्पिरिटमध्ये, म्हणजे अल्कोहोलमध्ये, बुडवलेला. कुरियरवाला म्हणाला, "मॅडम, स्पिरिट चालत नाही." मे महिना, बाहेर ४५ डिग्री. शेवटी लॅबवाल्यांनीच फोनवर सांगितलं, की अल्कोहोल ओतून टाका, शिंपल्याच्या मांसल पायाचा तुकडा ओलसर राहू द्या, नळीचं तोंड पॅराफिल्मने (मेणासारख्या ताणल्या जाणाऱ्या पट्टीने) बांधा. नमुना शाबूत पोचला. शिंपल्याच्या बुळबुळीत चिकट्यात डीएनए काढणं म्हणजे डोकेदुखी, पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवण्याची प्रक्रिया) अडतो. यांनी सीटॅब पद्धतीने (त्या नावाच्या रसायनाने चिकटा वेगळा करून) स्वच्छ काढला. इथे पूर्ण गुण.

पाय मुद्दाम दिला होता, बरं का. या शिंपल्यांच्या नराच्या जननग्रंथीत बापाकडून आलेला वेगळाच मायटोकॉन्ड्रियल जीनोम असतो. तो मिसळला असता तर वाचलेले तुकडे जोडताना काला झाला असता.

आता तक्रार. रिपोर्ट आला, वर्तुळ पूर्ण, लांबी १६ हजार बेसच्या (डीएनएच्या अक्षरांच्या) आसपास, सगळं छान. पण प्रथिनांची जनुकं मधेच तुटलेली! तासभर डोकं खाजवल्यावर कळलं, जनुकं ओळखताना यांनी पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांचा जनुकीय कोड (डीएनएची कोणती तीन अक्षरं म्हणजे कोणतं अमिनो आम्ल, याचा तक्ता) लावला होता. त्यात एजीए म्हणजे 'थांबा', शिंपल्यात एजीए म्हणजे सेरीन हे अमिनो आम्ल. अहो, शिंपल्याला कणा कुठला? फॉर्मवर मी 'मृदुकाय' असं ठळक लिहिलं होतं.

मेल केला तर दोन दिवसांत सुधारून दिलं, पैसे न घेता. तरी प्रथिनांची १३ ऐवजी १२ च जनुकं. एटीपी-८ हे जनुक 'आढळलं नाही' म्हणे. ते इतकं आखूड, की सॉफ्टवेअरच्या हातून निसटतं. एनएडी-४-एल या जनुकाच्या आधीची जागा हाताने तपासली, तर तिथेच बसलेलं.

कोटेशनमध्ये १८ टक्के जीएसटी धरलेला नसतो, आधीच विचारा. आणि कच्च्या डेटाची लिंक पंधरा दिवसांत बंद होते. आमच्या कॉलेजच्या वायफायवर तो उतरायला दोन रात्री लागल्या.