राणीची बाग, विज्ञान केंद्र की म्युझियम? मुंबईतल्या एका दिवसाचा हिशेब

मे महिना लागला की आमच्या डोंबिवलीच्या घरी फोन सुरू होतात. कधी सांगलीहून चुलतभावाचा, कधी नाशिकहून वहिनीचा. "ताई, मुंबईला एकच दिवस आहे, पोरांना काय दाखवू?" सोबत यादीही तयार असते: भायखळ्याची राणीची बाग, वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र, फोर्टातलं मोठं म्युझियम आणि जमलं तर गेटवे. मी आधी त्यातली दोन नावं खोडायला लावते. तीन ठिकाणं एका दिवसात केलेलं कुटुंब संध्याकाळी कसं दिसतं, ते मी ठाण्याच्या पुढे गर्दीच्या लोकलमध्ये पाहिलंय.

खोडायचं कोणतं, हे घरातल्या सगळ्यात धाकट्याच्या वयावर ठरवावं. थोरल्याला कुठेही नेलं तरी तो वेळ काढतो, धाकटं मात्र कंटाळलं की सगळ्यांना परत फिरवतं.

सहा-सात वर्षांच्या आतलं मूल असेल तर सरळ राणीची बाग. कागदोपत्री नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, पण टॅक्सीवाल्याला 'राणी बाग' म्हटलेलंच कळतं. बाग 1862 ची. त्यामुळे इथली सावली विकत घेऊन मिळणारी नाही, दीडशे वर्षं वाढलेल्या झाडांची आहे. बुंध्याला चार माणसांनी कवेत घ्यावी अशी गोरखचिंच इथे बघायला मिळते. पोरांना अर्थात झाडांशी देणंघेणं नसतं, त्यांना पेंग्विन हवे असतात. हे हम्बोल्ट पेंग्विन 2016 साली दक्षिण कोरियातल्या सोलहून आले, 2017 पासून लोकांना बघायला मिळाले, आणि त्याच वर्षी पाच रुपयांचं तिकीट पन्नासवर गेलं. तेव्हा केवढा गवगवा झाला होता! तरी आई-वडील आणि दोन मुलं मिळून शंभर रुपयांत दिवस निघतो, हे मुंबईत दुसरीकडे कुठे होणार?

जायचं ते सकाळी साडेनऊला दार उघडताना. दुपारी बाराला वाघ सावलीत पाय ताणून झोपलेला असतो आणि काचेपलीकडे फक्त एक पिवळी पाठ दिसते. पेंग्विन मात्र वातानुकूलित घरात असल्याने दुपारीही ताजेतवाने. म्हणून आधी वाघ, पाणघोडे, पक्ष्यांचा तो आत चालत जाता येणारा मोठा पिंजरा, आणि ऊन चढलं की पेंग्विन. बहुतेक लोक नेमकं उलट करतात.

आता जे कुणाच्याच यादीत नसतं ते. बागेच्या आवारालाच लागून डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. मुंबईतलं सगळ्यात जुनं, 1872 साली उघडलेलं. भाऊ दाजी मूळचे गोव्यातल्या मांद्र्याचे, ग्रँट मेडिकल कॉलेजातून शिकून निघालेल्या पहिल्या डॉक्टरांपैकी एक, आणि संस्कृतचे अभ्यासक. हे संग्रहालय उभं राहावं म्हणून खटपट करणाऱ्यांत ते पुढे होते. इमारत लहान, तासाभरात बघून होते आणि तिकीट किरकोळ. पण आत जुन्या मुंबईचं मातीत घडवलेलं जग आहे: कारागीर, जातीजमातींची माणसं, त्यांचे पोशाख, पगड्या, होड्या. गेल्या खेपेला सांगलीच्या काकू एका कपाटापुढे उभ्या राहिल्या त्या हलेचनात. "ही बघ, अगदी अशीच पगडी आमच्या आज्याची. खुंटीला असायची. आम्हाला हात लावू द्यायचा नाही." पुढची दहा मिनिटं पोरं पेंग्विन विसरून आज्याच्या गोष्टी ऐकत होती.

बाहेर एक दगडी हत्ती उभा आहे, त्याच्याजवळ नक्की थांबा. याच हत्तीमुळे पोर्तुगिजांनी घारापुरीला एलिफंटा नाव दिलं. 1864 मध्ये साहेबाला तो विलायतेला न्यायचा होता. उचलताना हत्ती पडला आणि तुकडे झाले. ते तुकडे मुंबईतच राहिले आणि 1914 साली जोडून पुन्हा उभे केले. जवळून पाहिलं तर सांधे दिसतात. घोड्यावरचा सातवा एडवर्डही याच आवारात आहे. फोर्टातल्या ज्या चौकाला आपण काळा घोडा म्हणतो, तिथला खरा घोडा 1965 पासून इथे मुक्कामाला आहे. चौकात आता आहे तो बिनस्वाराचा नवा घोडा, 2017 चा.

मूल आठ ते चौदाच्या मधलं असेल तर मी विज्ञान केंद्राकडे झुकते. 1979 मध्ये आधी बाहेरचं विज्ञान उद्यान झालं आणि 1985 मध्ये सगळं केंद्र सुरू झालं. इतर ठिकाणी सतत 'हात लावू नको' ऐकणाऱ्या पोरांना इथे हात लावायलाच बोलावतात. बाहेर वाफेचं इंजिन आणि जुनी ट्राम आहे, ज्यांनी ट्रामचा प्रवास केलाय अशा आजोबांना तिथे बसवून ठेवता येतं. आत वक्र आरशांपुढे आमचा नव्वद किलोचा चुलतभाऊ काडीसारखा दिसला आणि पोरांना म्हणाला, "बघा, लग्नात मी असा होतो." वहिनी पलीकडच्या आरशात फुगून आल्या होत्या, त्यांनी तो आरसा कॅमेऱ्यात येऊ दिला नाही.

पण एक सांगते. पोरं इथे एका बटणावरून दुसऱ्या बटणावर धावतात, पाटी कुणी वाचत नाही. तीन दालनं निवडून नीट बघितली तर ती आठ दालनं पळत बघण्यापेक्षा लक्षात राहतात. सोबत वाचून समजावणारं एक मोठं माणूस लागतंच. ते नसेल तर हे ठिकाण नुसतं महागडं मैदान होतं. जुलै-ऑगस्टच्या पावसात मात्र तिघांत हेच बरं, कारण बराचसा भाग छताखाली आहे. थोडा वेळ उरला तर नेहरू तारांगण वरळीतच आहे. तिथे मराठी खेळही असतो, फक्त वेळ आधी विचारून घ्या, आणि सोमवारी ते बंद.

राहिलं म्युझियम, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, पूर्वीचं प्रिन्स ऑफ वेल्स. लहान मुलांना घेऊन मी तिथे जाणार नाही, स्पष्टच सांगते. भुसा भरलेल्या पक्ष्या-प्राण्यांच्या दालनात अर्धा तास रमतील, मग शिल्पांपुढे जांभया. पण नववी-दहावीतली मुलं, कॉलेजची पोरं, किंवा फक्त मोठी माणसं असतील तर तिघांत याला तोड नाही. इमारत जॉर्ज विटेटची, ज्याने गेटवे बांधला त्याचीच. पायाभरणी 1905 ची, इमारत 1914 ला तयार, पण महायुद्धात तिथे लष्करी इस्पितळ आलं, आणि संग्रहालय म्हणून दार उघडायला 1922 उजाडलं. घुमटाच्या आतल्या कमानी विजापूरच्या गोलघुमटावरून घेतल्या आहेत. आणि मधल्या दालनातली ती लाकडी कमानींची रचना? ती नाशिकच्या एका वाड्यातून आणलेली आहे. हे सांगितल्यावर नाशिकच्या वहिनी मान वर करून बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "आमच्याकडचं सगळं चांगलं मुंबईला!" लघुचित्रं, मूर्ती, शस्त्रं यांना अर्धा दिवस द्यावा. तिकीट राणीच्या बागेपेक्षा बरंच जास्त. बाहेर पडलं की दहा मिनिटांत चालत गेटवे.

म्हणजे निवड खरं तर तीन जोड्यांमधली आहे: बाग आणि भाऊ दाजी लाड, विज्ञान केंद्र आणि तारांगण, म्युझियम आणि गेटवे. एक जोडी एका दिवसाला पुरते. एकीतलं एक आणि दुसरीतलं एक घ्यायचंच असेल तर विज्ञान केंद्र आणि म्युझियम घ्या, कारण 2025 पासून मेट्रो 3 दोन्हींच्या जवळून जाते: विज्ञान केंद्र स्थानकावर बसायचं, हुतात्मा चौकात उतरायचं. भायखळा त्या वाटेवर नाही, तिथे मध्य रेल्वेची लोकलच बरी, स्टेशनच्या पूर्वेला उतरून चालत. जुन्या आठवणीने तारापोरवाला मत्स्यालय शोधू नका, ते कोविडपासून बंद आहे.

राणीची बाग आणि भाऊ दाजी लाड बुधवारी बंद असतात. हे मला तीस वर्षं मुंबईच्या आसपास राहून माहीत असायला हवं होतं. तरी एका बुधवारी मी सात माणसं, दोन पाण्याच्या पिशव्या आणि दशम्यांचा डबा घेऊन बंद फाटकापुढे उभी होते. टॅक्सी करून सगळे म्युझियमला गेलो, आणि पाच वर्षांचा भाचा एका विष्णूसमोरच्या बाकावर तासभर गाढ झोपला. त्यानंतर फोन आला की मी वय नंतर विचारते, आधी वार.