कॅम्पर व्हॅनवरचे जुने पट्टे काढताना: ड्रायर, रबरी चाक, रसायन की काहीच नको?

वापरलेली कॅम्पर व्हॅन जुनाट दिसते ती पुष्कळदा रंगामुळे नव्हे, अंगावर चिकटवलेल्या पट्ट्या, अक्षरे आणि चित्रांमुळे. कडा उचललेल्या, मधे तडे गेलेले, कधीकाळी लाल असावेत असे वाटणारे फिकट गुलाबी पट्टे. ते काढायचे म्हटले की ऊब देऊन सोलणे, ड्रिलला रबरी चाक लावून घासणे आणि रसायनाने मऊ करून खरवडणे या तीन पद्धती समोर येतात. चौथा पर्याय म्हणजे हात न लावणे. तो बहुतेकांच्या गणतीतच नसतो. माझ्या मते असायला हवा, पण त्याकडे नंतर येऊ.

यातली कुठली पद्धत भारी, यावर लोक हिरिरीने वाद घालतात आणि दोन्ही बाजू आपापल्या जागी खऱ्या असतात. कारण निकाल पद्धतीवर लागतच नाही. पट्टा कशावर चिकटलाय आणि त्याच्यात किती जीव उरलाय, यावर लागतो.

आधी खालचा पृष्ठभाग. ड्रायव्हरच्या केबिनचे दरवाजे आणि बॉनेट बहुधा स्टीलच्या पत्र्याचे असतात. मागे बांधलेला राहण्याचा डबा मात्र अनेकदा फायबरचा किंवा पातळ अ‍ॅल्युमिनियमचा असतो आणि त्याच्या आतून फोम चिकटवलेला असतो. कोपरे, बंपर आणि चाकांवरच्या कमानी एबीएस प्लास्टिकच्या असू शकतात. एकच लांब पट्टा या सगळ्यांवरून बिनदिक्कत धावतो, त्यामुळे दरवाजावर जमलेली युक्ती दोन हात मागे गेल्यावर अंगलट येते. चुंबक फिरवून बघा. घट्ट बसला तर पत्रा, अजिबात नाही बसला तर फायबर, प्लास्टिक किंवा अ‍ॅल्युमिनियम. पत्र्यावरच एखाद्या जागी तो ढिला धरत असेल, तर तिथे खाली पुट्टी आहे, म्हणजे तो भाग कधीतरी ठोकून पुन्हा रंगवलेला आहे. अशा जागी पट्ट्याबरोबर रंगाचाही पापुद्रा निघून येऊ शकतो, मग हात कितीही हलका असो.

आता जीव. हे पट्टे पीव्हीसीचे, म्हणजे व्हिनाइलचे असतात आणि त्यांना मऊ ठेवणारे द्रव्य उन्हापावसात हळूहळू निघून जाते. मग फिल्म आक्रसते, कडक होते, ठिसूळ होते. एक कोपरा नखाने उचलून बघा. वाकला तर काम सोपे आहे. टिकलीएवढा तुकडा तुटून हातात आला तर कंबर कसा. एकाच व्हॅनच्या दोन बाजूंत यात जमीन-अस्मानाचा फरक असतो, कारण जी बाजू वर्षानुवर्षे उन्हाकडे तोंड करून उभी होती ती आधी मरते. तेव्हा चाचणी दोन्हीकडे करा.

ज्या पट्ट्यात जीव आहे त्याला ऊब द्यावी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. प्रश्न एवढाच की हेअर ड्रायर की हीट गन. हीट गनचा झोत ५०० अंश सेल्सिअसच्या पुढेही जाऊ शकतो, आणि आपल्याला पृष्ठभागावर हवे असतात जेमतेम ५० ते ६० अंश, म्हणजे हात टेकवता येईल पण फार वेळ ठेवता येणार नाही इतपत. ड्रायर तिथवर पोचतो, फक्त वेळ घेतो. गार हवेत किंवा वाऱ्यावर मात्र तो हरतो, कारण पत्रा उष्णता लगेच पसरवून टाकतो. त्यावर उपाय म्हणजे कडक उन्हाचा दिवस निवडणे. पत्र्यावर, हात बसलेला माणूस असेल तर, हीट गन चालेल: सगळ्यात कमी आचेवर, वीतभर लांबून, सतत हलती. फोम चिकटवलेल्या भिंतीवर ती चालवूच नये. आतला गोंद सुटून फुगा आला की तो परत बसत नाही, आणि पट्ट्यापायी भिंत गमावली असे होते. कपडे वाफवायच्या यंत्राची वाफ हा मधला मार्ग आहे. ती शंभर अंशांच्या वर जात नाही, पण पाणी सांध्यांत शिरते.

सोलताना घाई नडते. प्लास्टिकच्या ब्लेडने कोपरा उचला, पट्टा स्वतःवरच मागे दुमडा आणि पृष्ठभागाला जवळजवळ समांतर ठेवून हळू ओढत न्या. सरळ बाहेर ओढू नका. नजर पट्टा सुटतोय त्या रेषेवर ठेवा. तिथे गोंदाच्या बारीक तारा ताणल्या जाऊन पट्ट्याकडेच परत जात असतील तर आच आणि वेग दोन्ही बरोबर आहेत. तारा तुटून रंगावर करडा थर राहू लागला तर ऊब जास्त झाली आहे किंवा हात पळतो आहे. कट्‌कन तुकडा पडला तर ऊब कमी आहे. ही रेषा वाचता आली की मोठे अक्षरही एका तुकड्यात निघते, आणि त्यात एक वेगळेच समाधान आहे.

रबरी चाकाची कीर्ती मोठी आहे आणि ती अर्धीच खरी आहे. चाक फिरते, घर्षणाने तापते आणि ठिसूळ व्हिनाइल गोंदासकट चुरा होऊन उडते. जिथे ड्रायरपुढे टिकल्या-टिकल्या निघतात, तिथे बोटभर रुंदीच्या पट्ट्यांसाठी याला तोड नाही. अट एवढीच की खाली स्टीलचा पत्रा आणि कंपनीचा मूळ रंग असावा. चाकावर कमाल फेऱ्या छापलेल्या असतात, बऱ्याच चाकांवर मिनिटाला ४००० किंवा त्याहून कमी. म्हणून ते ड्रिललाच लावायचे. कोनात चालणाऱ्या ग्राइंडरचा वेग त्याच्या दुपटीहून जास्त असतो, त्याला हे चाक लावणे धोक्याचे आहे. एका जागी थांबलात की रंग भाजतो. पत्र्याच्या उंचवट्यांवर आणि कडांवर रंग मुळातच पातळ असतो, तिथे चाक नकोच. प्लास्टिकवर तर विचारही नको. चष्मा आणि मास्क लावा, आणि रबराचा काळा चुरा पुढचे कित्येक दिवस खिडक्यांच्या फटींत सापडणार हे धरून चाला. हातभर उंचीच्या चित्रासाठी चाक काढणारे लोक पाहिले की मला त्या चाकाचीच कीव येते. चित्र संपायच्या आत ते संपते.

रसायनाबद्दल एक गैरसमज आहे. पातळ द्रव व्हिनाइलमधून झिरपत नाही, तो कडेने किंवा तड्यांतून आत जातो. त्यामुळे धडधाकट पट्ट्यावर बाटली ओतून काही होत नाही. रसायनाचे खरे काम नंतरचे, मागे राहिलेला चिकटा काढण्याचे. संत्र्याच्या सालीतल्या तेलावर आधारित क्लीनर किंवा व्हाइट स्पिरिट (खनिज टर्पेंटाइन) कापडावर घेऊन लावा, वर प्लास्टिकचा पातळ कागद दाबून काही मिनिटे थांबा, मग प्लास्टिकच्या पट्टीने लोटा. चिकटा लोळ्या होऊन येतो. सुरुवात नेहमी एखाद्या आडबाजूच्या कोपऱ्यावर. अ‍ॅसिटोन आणि रंगाचे थिनर लांब ठेवा, पुन्हा रंगवलेल्या भागावर आणि प्लास्टिकवर तर नक्कीच. आणखी एक, कॅम्परच्या खिडक्या पुष्कळदा काचेच्या नसून अ‍ॅक्रिलिकच्या असतात. अल्कोहोल किंवा सॉल्व्हंट लागले की त्यांच्यात केसासारख्या बारीक चिरा पडतात, त्या जात नाहीत. म्हणून कामाला लागण्याआधी खिडक्या झाका. शेवटी साबणाच्या पाण्याने धुवा, नाहीतर तेलकट थरावर पुढे काहीच नीट चिकटणार नाही.

लोखंडी ब्लेड आणि जोराच्या पाण्याचा फवारा हेही लोक सुचवतात. ब्लेड काचेवर ठीक आहे, रंगावर नाही. फवारा उचललेल्या रंगाखाली घुसतो आणि जुन्या डब्याच्या सांध्यांत पाणी भरतो.

एवढे करून पट्टा गेला तरी त्याची छाप राहते. माझ्या मते निर्णय इथूनच सुरू करावा. छाप दोन प्रकारची असते. एक रंगातला फरक, कारण आजूबाजूचे विटले आणि पट्ट्याखालचे ताजे राहिले. दुसरी कडेची उंची, जी बोट फिरवले की लागते. पॉलिशने दोन्ही कमी होतात, पण त्यासाठी घासायला काहीतरी शिल्लक हवे. गाडीच्या रंगावरचा पारदर्शक थर साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा असतो, म्हणजे जेमतेम केसाच्या जाडीइतका. जुन्या गाडीवर त्याहूनही कमी. शिवाय खालचे रंगद्रव्यच विटले असेल तर वरचा थर घासून उपयोग नाही. फायबरवरचा जेलकोट, म्हणजे त्याचा बाहेरचा राळेचा थर, मात्र अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असतो. उष्णतेला जो भाग नाजूक, तोच पॉलिशच्या बाबतीत उदार. त्याच्यावरचा पांढरट, खडूसारखा थर पॉलिशच्या कंपाऊंडने काढला की छाप बऱ्यापैकी विरते. पारदर्शक थर नसलेल्या जुन्या गाड्यांवरही कापडाला रंग लागतो आणि खालचा ताजा रंग वर येतो.

म्हणून सगळ्या बाजूंनी सोलत सुटू नका. एक लहानसे अक्षर निवडा आणि त्याच्यावर ऊब, चिकटा, पॉलिश असे सगळे शेवटपर्यंत करा. दोन पावले मागे जाऊन तिरप्या उजेडात बघा. तिथे जे दिसेल तेच पूर्ण व्हॅनवर दिसणार आहे.

ते अक्षर अजूनही वाचता येत असेल तर चौथा पर्याय उघडतो. पट्टे धड असतील तर राहू द्या. पुन्हा रंगवलेल्या भागावरचे तर राहूच द्या. ते खराब झालेच असतील तर त्याच आकाराचे, दोन्ही बाजूंनी थोडे रुंद नवे पट्टे लावा, म्हणजे छाप त्यांच्याखाली जाईल. जुन्यावर नवे चिकटवू नका, खालचे तडे वर उमटतात. मूळ नक्षी जपायची असेल तर काढण्याआधी पारदर्शक कागदावर ती गिरवून घ्या, खिडकी आणि दरवाजाच्या कडेपासूनची अंतरे लिहून ठेवा. आणि व्हॅन पूर्ण रंगवूनच घेणार असाल, तर ताज्या रंगावर लगेच पट्टे लावू देऊ नका. रंगातले सॉल्व्हंट उडून जायला काही आठवडे लागतात आणि तोवर नव्या पट्ट्याखाली फुगे येत राहतात.