35 इंची टायर आणि ग्रीसवाले बॉल जॉइंट : आठ महिन्यांच्या वापरानंतर

गाडी जीप रँग्लर जेके, पुढचा एक्सल (दोन्ही पुढच्या चाकांमधला आडवा भाग) डॅना 44 प्रकारचा, टायर 35 इंची. मूळचे प्लास्टिक लाइनरवाले सीलबंद बॉल जॉइंट (चाक वळू देणारे गोळी-वाटीचे सांधे) काढून धातूवर धातू फिरणारे, ग्रीस भरता येणारे जॉइंट बसवले. वर दोन, खाली दोन. त्याला आता आठ महिने आणि साधारण 11,000 किलोमीटर झाले. त्यातला बराच रस्ता दगडांचा आणि ओढ्यांतला.

आधी निकाल सांगतो. चाक जॅकवर उचलून टायरखाली पहार घातली आणि वर ढकललं, तर आजही नकल (चाकाबरोबर वळणारा, हब धरणारा भाग) आणि एक्सलच्या टोकाच्या सी आकाराच्या भागामधली, म्हणजे सी-मधली फट हलत नाही. मोठ्या टायरवर एवढ्या वापरानंतर प्ले (ढिलेपणा) शून्य राहतो, यातच पैसे वसूल झाले.

प्ले तपासताना मात्र बरेच जण फसतात. चाक 12 आणि 6 वाजताच्या जागी धरून हलवलं की ते हलतं, आणि लगेच बॉल जॉइंट गेले असं ठरतं. हब (चाक ज्यावर बसतं तो भाग) बेअरिंग सैल असलं तरी चाक अगदी तसंच हलतं. म्हणून एकाने चाक हलवायचं आणि दुसऱ्याने बॅटरी घेऊन आत बघायचं. नकल आणि सी एकमेकांपासून सरकत असतील तर दोष बॉल जॉइंटचा. नकल स्थिर राहून हब हलत असेल तर बेअरिंगचा. 9 आणि 3 वाजता हलत असेल तर टाय रॉडकडे (दोन्ही चाकं एकत्र वळवणारा दांडा) बघा. वेग घेतल्यावर स्टिअरिंग थरथरत असेल तर त्याआधी ट्रॅक बारचे (एक्सल आडवा सरकू न देणारा दांडा) बोल्ट तपासा, कारण पुष्कळदा दुखणं तिथेच असतं.

गाडीचं वजन खालचा जॉइंट पेलतो. वरचा नकलला उभं धरून ठेवतो, आणि बाहेर आलेल्या रिमचा व जड टायरचा आडवा हिसका त्याच्यावर येतो. काही किटमध्ये वरच्या जॉइंटची पिन हाताने वर-खाली सरकते. ती रचनाच तशी असते, माल खराब नसतो.

बसवण्यात खरी मेहनत प्रेसची (जॉइंट दाबून काढायचं-बसवायचं साधन). काढण्याआधी जुन्या जॉइंटची कॉलर सी-च्या कोणत्या बाजूला टेकली आहे ते नीट बघून ठेवा, कारण दाबायची दिशा त्यावरच ठरते. 36 मिमीचा एक्सल नट, कॅलिपर, डिस्क, मग हबचे तीन बोल्ट, हा क्रम. कॅलिपर तारेने टांगा, ब्रेकच्या नळीवर लोंबकळू देऊ नका. एबीएसची वायर आधी सोडवा. एक्सल शाफ्ट बाहेर काढताना दोन्ही हातांनी उचलून धरा. तो आतल्या सीलवर घासला तर डिफरन्शियलचं तेल गळू लागतं आणि मग काम दुप्पट होतं.

सी-मधलं भोक तारेच्या ब्रशने चकचकीत करा. नवा जॉइंट दाबण्याआधी त्याचं ग्रीस निप्पल (ग्रीस भरायचं तोंड) काढून ठेवा, नाहीतर प्रेसच्या कपात तुटतं. पहिले दोन-तीन मिलिमीटर फार सावकाश दाबायचे आणि चारी बाजूंनी फट सारखी आहे का बघायचं. तिरका जाऊ लागला तर लगेच बाहेर काढून पुन्हा सरळ धरा. जोर लावून सरळ होत नाही, भोकच ओरखडतं. भोक आधीच सैल असेल तर बाहेरून दातेरी असलेला जॉइंट मिळतो. तो एकदा बसला की त्या भोकात साधा जॉइंट पुन्हा धरत नाही, म्हणून गरज नसताना घेऊ नका.

सी वाकलेला असेल तर वरचं आणि खालचं भोक एका रेषेत राहत नाही. मग कितीही चांगला जॉइंट घातला तरी तो अडकतो आणि लवकर झिजतो. सी-ला गसेट (मजबुतीचे धातूचे तुकडे) वेल्ड करायचे असतील तर जॉइंट बसवण्याआधी करा. वेल्डिंगच्या उष्णतेत बूट (जॉइंटवरचं रबरी आवरण) आणि ग्रीस दोन्ही जातात.

नकल चढवल्यावर आधी खालचा नट थोडा आवळून टेपर (पिनचा निमुळता भाग) बसवायचा, मग वरचा पूर्ण, शेवटी खालचा पूर्ण. किटच्या पत्रकात वेगळा क्रम असेल तर तोच पाळा. बॉल जॉइंटच्या नटांचा टॉर्कही (आवळण्याचा जोर) पत्रकातलाच घ्या. स्प्लिट पिनचं भोक जुळत नसेल तर नट पुढे आवळून जुळवा, मागे कधीच सोडू नका. हबच्या बोल्टना 102 न्यूटन मीटर आणि एक्सल नटला 135. टाय रॉड जोडण्याआधी नकल हाताने डावी-उजवीकडे फिरवून बघा. जड चाललं तर हरकत नाही, पण मध्येच अडकता कामा नये.

सुरुवातीला स्टिअरिंग घट्ट वाटतं आणि वळणानंतर आपोआप सरळ यायला आळस करतं. पहिल्या हजारेक किलोमीटरमध्ये ते मोकळं झालं. दगडांवर चाक आदळल्यावर स्टिअरिंगमध्ये येणारी टकटक पूर्ण गेली.

बदल्यात ग्रीसची जबाबदारी गळ्यात पडते. इंजिन ऑइल बदलताना दर वेळी आणि पाण्यातून गाडी नेल्यावर लगेच, लिथियम कॉम्प्लेक्स एनएलजीआय 2 (ग्रीसच्या घट्टपणाची श्रेणी) ग्रीस भरतो. ग्रीस गन दाबताना बुटाच्या काठातून आधी काळपट, पाणी मिसळलेलं राखाडी ग्रीस येतं, मग स्वच्छ. स्वच्छ दिसलं की थांबायचं. नेटाने दाबत राहिलं तर बूट फुगून जागेवरून सुटतो. खालचं निप्पल एक्सल शाफ्टच्या युनिव्हर्सल जॉइंटला अगदी खेटून असतं. चाक पूर्ण वळवून सुईसारखं टोक लावल्याशिवाय गन तिथे पोचत नाही. सहाव्या महिन्यात उजव्या बाजूचा एक जॉइंट वळताना कुरकुरू लागला, तो दोन ओढे ओलांडून ग्रीस न भरल्यामुळे. भरल्यावर आवाज गेला आणि प्ले आला नाही. आतला धातू मात्र तेवढा कोरडा फिरलाच.

मूळ मापाचे टायर आणि डांबरी रस्ता असेल तर हे घेऊ नका. सीलबंद जॉइंट तिथे बिनदेखभालीचे चालतात, आणि ग्रीस भरायला विसरलेला धातूचा जॉइंट त्यांच्याआधी जाईल. 35 इंची टायर असतील आणि दर दोन महिन्यांनी गाडीखाली शिरायची तयारी असेल तर जरूर घ्या. सोबत दोन जादा बूट आणि एक निप्पल मागवून ठेवा. दगडाने फाटलेला बूट त्याच आठवड्यात बदलला तर जॉइंट वाचतो.