गोल्फ ट्रॅव्हल कव्हर, नऊ महिने वापरून: सगळं झकास, एक चाक सोडून

नोव्हेंबर 2024 मध्ये गोल्फचं किट विमानाने न्यायला हे कव्हर घेतलं तेव्हा मी त्याला पाच तारे दिले होते. फेब्रुवारीत रागाच्या भरात एकावर आणले. आज साडेतीन देतोय, आणि मधल्या अडीच ताऱ्यांचं श्रेय कंपनीला नाही, पुण्याच्या बोहरी आळीतल्या एका माणसाला आहे. कंपनीचं नाव लिहीत नाही. मऊ कापडाचं, खाली दोन चाकं, आत डोक्याकडे जाड फोम, किंमत साडेअकरा हजार, एवढ्यावरून घेणाऱ्याला कळायचं ते कळेल. कडक खोक्याचं का नाही घेतलं, तर ते रिकामं असताना घरात ठेवायचं कुठे, हा प्रश्न बायकोने दुकानातच विचारला.

घेण्याचं कारण श्रीलंका. येरवड्याला शनिवारी सकाळी खेळणारी आमची चौकडी आहे: डॉक्टर, कर्नल, सीए आणि मी. परदेशात एकदा खेळायचंच हे तीन वर्षं चहाबरोबर चघळून झालं होतं. डॉक्टर थायलंडला दोनदा जाऊन आलेला, त्याला पुन्हा तेच हवं होतं. सीएने कागद काढला. तेव्हा परदेशी सहलीचं पॅकेज घेतलं की वर 5 टक्के टीसीएस, म्हणजे विकणाऱ्याने आधीच वसूल केलेला कर. रिटर्न भरल्यावर वळता होतो हे खरं, पण तोवर आपले पैसे सरकारकडे बिनव्याजी. म्हणून तिकिटं वेगळी, हॉटेलं वेगळी, टी-टाइम (खेळ सुरू करायची वेळ) थेट क्लबांना मेल करून, आणि देश जवळचा. मुंबईहून कोलंबो अडीच-पावणेतीन तास. शिवाय नुवारा एलियाजवळ सीतामाईचं देऊळ आहे, हा मुद्दा चारही घरांत उपयोगी पडला.

कव्हर हातात येईपर्यंत मला वाटायचं की आधी सहल ठरते आणि मग सामान. उलटं असतं. अशा सहलीत सगळं ती लांबलचक बॅग ठरवते. विमान तिने ठरवलं: स्वस्त तिकिटाच्या विमानात गोल्फ किटला वेगळे पैसे होते, दुसऱ्यात ते नेहमीच्या वजनात धरत होते. हिशोब केल्यावर महाग तिकीट स्वस्त पडलं. गाडीही तिनेच ठरवली. चार माणसं आणि तीन किट सेडानमध्ये मावत नाहीत, मागची सीट पाडली तर कर्नल कुठे बसणार? मग व्हॅन. आणि हॉटेलला लिफ्ट आहे का, हे मी आयुष्यात पहिल्यांदा मेल करून विचारलं.

वजनाचं सांगतो, कारण याबद्दल बरीच भीती असते. 14 क्लब, म्हणजे खेळायच्या काठ्या (खेळताना बॅगेत त्याच्या वर चालतच नाहीत) साधारण साडेपाच किलो. ते ठेवायची माझी स्टँड बॅग सव्वादोन. कव्हर स्वतः पावणेचार. चेंडू नियमाने जास्तीत जास्त 45.93 ग्रॅमचा, म्हणजे दोन डझन घेतले तरी अकराशे ग्रॅम. बूट धरून साडेतेरा. त्यात सगळे टी-शर्ट क्लबांच्या डोक्यांभोवती गुंडाळले, ते घड्या केलेल्या कपड्यांपेक्षा बरे राहतात, आणि उरलेल्या जागेत बाकरवडीची तीन पाकिटं. ड्रायव्हरचं, म्हणजे सगळ्यात लांब क्लबचं, डोकं पान्याने काढून मोज्यात घातलं. तो पाना चुकूनही हातातल्या बॅगेत ठेवू नका. रेंजफाइंडर (अंतर मोजायचं यंत्र) मात्र हातातच, बॅटरीमुळे.

इथवर कव्हर निर्दोष. चेन जाड आहे, दोन्हीकडून उघडते. आतले दोन पट्टे किट घट्ट धरतात. बाजूच्या हँडलची शिलाई नऊ महिन्यांत उसवलेली नाही. बुटांचा कप्पा वेगळा आहे आणि त्याला हवा जायला जाळी आहे, हे ज्याने सुचवलं त्याचं भलं होवो. कापड काळं असल्यामुळे मळ दिसत नाही. एवढं सगळं जमवणाऱ्या माणसांनी चाकं कुठून आणली, हा माझा प्रश्न आहे.

तर कटुनायके, म्हणजे कोलंबोचं विमानतळ. आमच्या बॅगा मोठ्या सामानाच्या पट्ट्यावर आल्या, मी माझी उचलून ट्रॉलीवर टाकली आणि ग्रीन चॅनेलमधून बाहेर. ट्रॉलीवर होती म्हणून कळलं नाही, आणि पुढचं सगळं महाभारत त्या ट्रॉलीमुळे. बाहेर केडीएच उभी होती (टोयोटाच्या त्या उंच व्हॅनला तिकडे सगळे केडीएचच म्हणतात). बॅग खाली ठेवून ओढायला गेलो तर खर्र, खट. खर्र, खट. उजवं चाक वाकडं. वरचं रबरासारखं आवरण अर्ध्या फेऱ्यापर्यंत फाटून लोंबत होतं, आतल्या प्लॅस्टिकला तडा, आणि घर, म्हणजे चाक ज्यात बसतं तो वाडगा, एका कोपऱ्यातून निसटलेला. चालकाने खाली बसून पाहिलं, टायरच्या जुन्या ट्यूबची पट्टी काढली आणि तारेने गुंडाळून दिली. ती हॉटेलच्या दारापर्यंत टिकली. कंपनीचं चाक मुंबई ते कोलंबो टिकलं नव्हतं.

पुढचे सहा दिवस मी पंधरा-सोळा किलोचं ओझं डाव्या चाकावर तिरकं ओढत फिरलो. कॅंडीजवळ दिगनाला व्हिक्टोरिया धरणाच्या पाण्याकाठचं कोर्स, डोनाल्ड स्टीलने आखलेलं. इतकं देखणं की पहिल्या नऊ होलांत चाक विसरलो. तिथून रंबोडाच्या घाटाने नुवारा एलिया, चहाच्या मळ्यांतून वर वर. आपलं महाबळेश्वर साधारण 1,350 मीटरवर, हे गाव त्याच्याही पाचेकशे मीटर वर. क्लब 1889 चा. कोर्स गावातूनच जातं, मधे चालू रस्ता ओलांडावा लागतो, दोन्ही बाजूंना उंच झाडं आणि फेअरवे (खेळायचे गवताचे पट्टे) असे अरुंद की डॉक्टरने एका राउंडमध्ये नऊ चेंडू घालवले. चेंडू वाचवायचे असतील तर तिथे ड्रायव्हर बॅगेतच राहू द्या. माझा तसाही मोज्यात होता. हॉटेलच्या पायऱ्या चढून दमल्यावर पाना शोधायचा उत्साह उरला नव्हता. तीन नंबरच्या वुडने (ड्रायव्हरहून छोट्या क्लबने) खेळलो आणि चक्क 84 फटके आले. सकाळी गवत बर्फासारखं गार, फेब्रुवारीत तिकडे कधी कधी दहिवरही गोठतं. स्वेटर घ्या.

शेवटचा राउंड रॉयल कोलंबोला, 1879 चा क्लब. या कोर्समधून चक्क रेल्वे जाते, केलनी व्हॅली लाइन. गाडी आली की सगळे थांबतात, पटर (चेंडू होलात ढकलायचा क्लब) हातात धरून. गाडी जाईपर्यंत कॅडीने (बॅग वाहणाऱ्या मदतनिसाने) मला टाचेने दाखवून दिलं की पट, म्हणजे ढकललेला चेंडू, कुठे वळणार आहे, आणि तो तिथेच वळला. डब्याच्या दारात उभे असलेले लोक आमच्याकडे बघत होते, मी गाडीच्या चाकांकडे. केवढं वजन, आणि कसा एकसारखा ठेका! कर्नल म्हणाला, "तू आता पुरे कर."

इथे सीएचं सांगायलाच हवं. त्याने किट नेलंच नव्हतं. तिन्ही ठिकाणी सेट भाड्याने घेतला, हातात एक छोटी बॅग, विमानतळावर आमच्या आधी बाहेर. भाड्याच्या सेटचे शाफ्ट, म्हणजे दांडे, त्याच्या ताकदीला कडक होते, तरी हँडिकॅपपेक्षा (त्याच्या खेळावरून ठरलेल्या आकड्यापेक्षा) दोन फटके कमी खेळला. परतीच्या विमानात त्याने हिशोब मांडला: तीन राउंडचं भाडं विरुद्ध माझं कव्हर, तिकिटातला फरक आणि व्हॅनचा फरक. मी तो कागद घेतला नाही. पहिल्या सहलीला कव्हर घेऊच नये, भाड्याचं घ्यावं, असं त्याचं मत. मान्य नाही. पण कागद घेतला नाही हेही खरं.

परत आल्यावर भांडण. आधी विमान कंपनी. नियम असा आहे की चेक-इन सामानाचं नुकसान झालं तर ताबा मिळाल्यापासून 7 दिवसांच्या आत लेखी तक्रार करायची. मी सहाव्या दिवशी कोलंबोच्या हॉटेलातून फोटोंसह मेल केली, म्हणजे मुदतीत. तीन आठवड्यांनी उत्तर: विमानतळावरच काउंटरवर रिपोर्ट का केला नाही? ट्रॉलीवर होती हो. मग आणखी एक मेल: चाकं, हँडल, पट्टे यांची झीज हे किरकोळ नुकसान, त्याची जबाबदारी आमची नाही. तेव्हा एक सवय लावून घ्या. पट्ट्यावरून उचलल्यावर ट्रॉली राहू द्या बाजूला, बॅग दहा पावलं ओढून बघा, उलटी करून बघा, आणि काही दिसलं तर दाराबाहेर पडायच्या आत कागद करून घ्या. बाहेर पडलात की तुमचं म्हणणं आणि तुमचे फोटो, बाकी काही नाही.

मग कव्हरची कंपनी. एक वर्षाची वॉरंटी, मी तिसऱ्या महिन्यात. बिल पाठवलं. फोटो पाठवले. व्हिडिओ मागितला, तो पाठवला, खर्र खट आवाजासकट. चार मेलनंतर एका ताईंचा फोन आला.

"सर, वॉरंटी शिलाई आणि चेनवर आहे. चाकं कन्झ्युमेबलमध्ये येतात."

"मॅडम, दोन प्रवास झालेत. एक जायचा, एक यायचा."

"समजतंय सर. पण पॉलिसी तशी आहे."

"बरं, मग चाक विकत द्या. पैसे देतो."

"स्पेअर येत नाही सर, ते बॅगेला रिव्हेट केलेलं असतं. आम्ही तुम्हाला नवीन कव्हरवर 15 टक्के डिस्काउंट देऊ शकतो."

म्हणजे साधारण पावणेदहा हजार भरून मी तसंच दुसरं चाक घ्यायचं. याच दिवशी एक तारा दिला. तो परीक्षणाचा मजकूर आता काढलाय, त्यात दोन शब्द बायकोच्या मते सोसायटीच्या ग्रुपवरही चालले नसते.

मे महिन्यात, बॅग बाल्कनीत पडून पडून अडगळ झाल्यावर, रविवार पेठेत बोहरी आळीत गेलो होतो नळाच्या कामासाठी. सहज एका हार्डवेअरवाल्याला फोटो दाखवला. त्याने मागच्या गल्लीतल्या बॅगा दुरुस्त करणाऱ्याकडे पाठवलं. चार बाय सहाचं दुकान, छताला सुटकेसची हँडलं टांगलेली. दुसऱ्या दिवशी बॅग नेली. त्याने ती उलटी केली, नखाने चाक फिरवलं आणि एकच शब्द बोलला: "बुश." चाकात बेअरिंगच नव्हतं. प्लॅस्टिकच्या चाकात प्लॅस्टिकची नळी, त्यात लोखंडी कांडी. वजन आलं की ती घासते, तापते, मोठी होते, आणि मग चाक वाकडं चालायला लागून घरावर आपटतं. विमान कंपनीच्या हमालांना मी तीन महिने उगाच शिव्या दिल्या म्हणायच्या. निदान अर्ध्या.

मग त्याने काय केलं ते बघत बसलो. रिव्हेटची डोकी ड्रिलने उडवली. स्केटिंगची चाकं काढली, पोरांच्या इनलाइन स्केटची असतात ती, त्यात दोन-दोन 608 नंबरची बेअरिंगं: आतलं भोक 8 मिलिमीटर, बाहेरून 22, जाडी 7. स्केट, छोट्या मशिनी, सगळीकडे हेच बेअरिंग चालतं म्हणून कुठेही मिळतं. घराला आतून ॲल्युमिनियमची पट्टी लावली, रिव्हेटच्या जागी बोल्ट आणि आत नायलॉनची कडी असलेले नट, जे धक्क्यांनी ढिले होत नाहीत. "साहेब, आता गेलं तर पान्याने खोलायचं, नवीन टाकायचं, पाच मिनिटं." दोन्ही बाजू मिळून 350 रुपये. मी 400 दिले, त्याने 50 परत केले.

त्यानंतर जूनमध्ये नाशिक, जुलैमध्ये बेंगळुरू. विमानतळाच्या फरशीवर आवाज येत नाही, इतका येत नाही की दोनदा मागे वळून पाहिलं बॅग आहे ना. पावसात भिजली, चिखलात गेली, चाकं तशीच. नव्यापेक्षा बरी चालते हे लिहिताना कंपनीला शाबासकी दिल्यासारखं वाटतं, म्हणून स्पष्ट करतो: चाकांचा अर्धा ताराही कंपनीच्या खात्यात धरू नये.

घ्यायचं असेल तर घ्या, पण दुकानात आधी उलटं करा. स्क्रू दिसले तर बरं, रिव्हेट दिसले तर भावात साडेतीनशे कमी करून मागा. चाक हाताने फिरवा. सोडल्यावर दोन-तीन फेरे स्वतःहून फिरलं तर आत बेअरिंग आहे, लगेच थांबलं तर बुश. ऑनलाइन मागवणार असाल तर परत करायची मुदत संपण्याआधी हे करा, मी फोम दाबून खूश झालो होतो.

कालच सीएचा फोन आला. डिसेंबरमध्ये ऑफिसच्या लोकांबरोबर व्हिएतनामला दा नांगला चाललाय, आणि आता त्याने नवीन सेट घेतलाय, त्यामुळे भाड्याच्या सेटवर हात बसत नाही म्हणे. कव्हर आठवडाभर मिळेल का? मी हो म्हटलं. बुटांच्या कप्प्यात एक जादा चाक, दोन नट आणि 13 चा पाना ठेवलाय, आणि साडेतीनशे रुपये डिपॉझिट मागितलंय. तो अजून विचार करतोय.